दार ठोठावल्याचीही नोंद होते

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाया बहुतेक वेळा मारहाणीची, टाकून दिल्याची, नाहीतर पोटगीची तक्रार घेऊन येतात. नंदा (नाव बदलले आहे) आली ती पिशवीत बँकेने परत केलेले कागद घेऊन. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती बारा वर्षे पीसवर काम करते. तिला स्वतःची एक जुकी आणि एक ओव्हरलॉक मशीन घ्यायची होती, म्हणजे काम घरी आणता येईल आणि सोबत दोघी-तिघींना बसवता येईल. साठ हजारांचा अर्ज होता. बँकेतल्या साहेबांनी तिचे आधार आणि पॅन घेतले, संगणकात पाहिले आणि ‘बाई, तुमचे सिबिल बरोबर नाही’ असे सांगून कागद तिच्यापुढे सरकवले.

“ताई, एक हप्ता चुकवला नाही वो मी,” ती मला सांगत होती. “पोरगं दवाखान्यात होतं तवा कानातलं गहाण टाकून गटाचा हप्ता भरला. मग माझं सिबिल खराब झालंच कसं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात बचत गटांवर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. पण बाईच्या नावावर साठत जाणारा हा कागद मी तोवर कधी हातात धरून वाचलेला नव्हता. सिबिल खराब म्हणजे बाईने कुठेतरी हप्ता थकवला असणार आणि ती आपल्याला सांगत नाही, असेच माझ्याही मनात आधी आले. हे मी कबूल करते. कारण बाई खोटे बोलत असेल असे आधी गृहीत धरायचे ही सवय फक्त पोलीस ठाण्यातच असते असे नाही.

तिचा अहवाल काढायला चार दिवस लागले. तिच्या जुन्या कर्जाच्या कागदावर जो मोबाईल नंबर होता तो नवऱ्याच्या खिशातल्या फोनचा, आणि ओटीपी त्यावर येणार. शेवटी तो कामावरून जेवायला घरी आला असताना तिने फोन मिळवला आणि अहवाल माझ्या टेबलावर आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. आम्ही दोघींनी तो ओळीओळीने वाचला. तीन गटकर्जे. दोन फिटलेली, एक चालू. प्रत्येक महिन्यापुढे वेळेवर भरल्याची खूण. नंदाचे म्हणणे अक्षरन् अक्षर खरे होते.

मग शेवटी एक तक्ता होता, चौकशीचा. त्यात चार रकाने: कोणत्या कंपनीने पाहिले, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती रकमेसाठी. चार महिन्यांत नऊ ओळी.

इथे थांबून ही चौकशी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण आपल्यापैकी अनेकींना हा भाग माहीत नसतो. कर्जदारांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी आपल्याकडे २००५ मध्ये कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल त्यातली सर्वात जुनी, २००० सालची, म्हणून सगळ्याच अहवालांना आपण ‘सिबिल’ म्हणतो. बँका आणि फायनान्स कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती त्यांना कळवतात. पूर्वी ती महिन्याला जायची, जानेवारी २०२५ मध्ये ती पंधरा दिवसांनी कळवणे बंधनकारक झाले. त्यातून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो.

तुम्ही कर्जासाठी अर्ज केलात की देणारा तुमचा हा अहवाल मागवतो. त्याने तो पाहिला, एवढ्याचीही नोंद त्याच अहवालात होते. कर्ज मिळो न मिळो, नोंद राहते. तुम्ही स्वतःचा अहवाल स्वतः काढून पाहिलात तर त्याचा गुणांवर काही परिणाम होत नाही. हे ठळक सांगते, कारण ‘सिबिल बघितलं की कमी होतं’ अशी भीती वस्तीवस्तीत पसरली आहे आणि त्या भीतीने बाया स्वतःचाच कागद बघत नाहीत. परिणाम होतो तो देणाऱ्याने तुमच्या अर्जावरून केलेल्या चौकशीचा. एका-दोन चौकशांनी फार बिघडत नाही. गुण थोडे हलतात आणि वेळेवर हप्ते जात राहिले तर सावरतात. खरा मार बसतो तो थकलेल्या हप्त्याचा, आणि या कंपन्याही हप्त्यांच्या इतिहासालाच पहिले महत्त्व देतात. पण थोड्या काळात खूप चौकशा दिसल्या की बँक त्यांचा एक अर्थ लावते: ही बाई पैशांसाठी कासावीस आहे, दारोदार फिरते आहे, हिला देणे धोक्याचे. जिच्या नावावर मुळातच दोन-तीन छोटी कर्जे आहेत, बाकी काही नाही, तिच्या अहवालात या ओळी अधिकच डोळ्यांत भरतात. मोठ्या व्यापाऱ्याच्या अहवालात त्या वीस खात्यांच्या गर्दीत बुडून जातात.

आता नंदाच्या नऊ ओळी पाहू. तीन तिच्या स्वतःच्या होत्या: चालू गटकर्ज घेताना झालेली, मशीनसाठी एका फायनान्स कंपनीत गेली तेव्हाची आणि या बँकेची. उरल्या सहा.

त्यातल्या चार एकाच आठवड्यातल्या, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या वैयक्तिक कर्जासाठी. नंदाने बराच वेळ डोके खाजवले आणि मग तिला आठवले. बँकेबाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला होता. ‘साठ हजार काय घेऊन बसलात मावशी, लाख मिळवून देतो’ म्हणाला. त्याने कागदांचे फोटो काढले आणि आलेले ओटीपी विचारून घेतले. हे सगळे त्याच दिवशी, एकाच अर्जासाठी चालले आहे असे तिला वाटले. त्याने ते कागद चार ठिकाणी पाठवले. त्याला कुठूनतरी एकीकडून दलाली मिळाली असती. चार ओळी मात्र हिच्या नावावर चढल्या.

उरलेल्या दोन. एक दुचाकीसाठी, एक मोबाईलसाठी. नंदाला दुचाकी चालवता येत नाही. आधारची प्रत घरातच होती आणि ओटीपी येणारा फोन नवऱ्याकडे. त्याच्या स्वतःच्या नावावर आधीचे एक कर्ज थकलेले आहे, म्हणून त्याला कुणी उभे करत नाही. त्याने बायकोचे नाव वापरून पाहिले. दोन्ही ठिकाणी नकार मिळाला, म्हणून घरात त्याची वाच्यताही झाली नाही. कर्ज मिळाले असते तर निदान हप्ते मागायला कुणी दारात आले असते आणि तिला कळले तरी असते.

तक्त्यात नसलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे कर्ज मागितल्याचे आहे, पण मागणारा हात कुणाचा होता ते नाही. नकार मिळाल्याचेही नाही. पण पुढच्या बँकेतला माणूस नऊ चौकशा बघतो, त्यापुढे उघडलेले खाते एकच बघतो आणि मनाशी म्हणतो, आठ जणांनी नाही म्हटले तर मी का हो म्हणू? नकारातून पुढचा नकार जन्माला येतो. बाई एका दारातून परत फिरली की दुसरे दार ठोठावते, आणि तिसऱ्या दाराशी तिला सांगतात, तू फार दारे ठोठावतेस.

मागणे हा बाईचा दोष मानणे आपल्याला नवे नाही. सासरी पैसे मागितले तर उधळी. माहेरी मागितले तर हावरी. सावकाराकडे गेली तर तिच्या चारित्र्यापर्यंत बोलणे जाते. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, ते सगळ्यांना एकच माप लावते, असे बँकेतले लोक सांगतात. असेल. पण पुरुषाच्या नावाने त्याची बायको गुपचूप दुचाकीचा अर्ज करून येते, असे मी अजून एकही प्रकरण पाहिलेले नाही. माप एक आहे, मोजली जाणारी घरे सारखी नाहीत.

एवढे म्हणून मी लगेच ‘ही चौकशीची नोंदच बंद करा’ अशी मागणी करणार नाही. का, ते सांगते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झाले ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. एकेका बाईला पाच-सहा कंपन्यांनी कर्जे दिली होती. एकीने दुसरीकडे पाहायचेच नाही, वसुलीला मात्र सगळ्यांनी दारात बसायचे. आत्महत्या झाल्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी नियम केले, आणि अशी माहिती ठेवणाऱ्या किमान एका कंपनीचे सभासद होणे त्यांना बंधनकारक झाले. म्हणजे कर्ज देण्याआधी ‘हिच्यावर आधीच किती ओझे आहे’ हे बघितलेच पाहिजे, हा आग्रह बायांच्या मरणातून आला आहे. आपणही तो धरला होता. आजही आमच्या वस्तीत पाच-पाच कंपन्यांचे हप्ते भरणाऱ्या बाया आहेत. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज. एका महिन्यात सहा ठिकाणी अर्ज करणारी बाई खरोखर बुडत असू शकते, आणि तिला सातवे कर्ज न देणे हेच तिच्या हिताचे असू शकते.

माझी तक्रार वेगळी आहे. देणाऱ्याच्या हाताला लगाम घालण्यासाठी आणलेले साधन घेणारीच्या कपाळावरचा शिक्का होऊन बसले आहे. एजंटने एकाच दमात चार कंपन्यांना कागद पाठवले, त्या चारही कंपन्यांनी बाईला न भेटता चौकशी केली, आणि या सगळ्यांत ‘बेशिस्त’ ठरली ती एकटी नंदा. त्या एजंटचे कसले सिबिल आहे?

१९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगावच्या पुरुषांना आवाहन केले की सातबारावर बायकोचे नाव लावा. त्याच काळात परित्यक्तांच्या संघटना स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मिळावे म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेत होत्या. मी तेव्हा फार तर पाळण्यात असेन, या गोष्टी ज्येष्ठ मैत्रिणींकडून ऐकल्या आहेत. तेव्हाचा प्रश्न असा होता की कागदावर बाईचे नावच नाही. या नव्या उताऱ्यावर तिचे नाव ठसठशीत आहे, मजकूर मात्र दुसऱ्यांनी लिहिलेला. जमीन नाही, घर नाही, पण पत आणि बेपत दोन्ही तिच्या नावावर. आणि हा उतारा चावडीवर लागत नाही. तिच्याखेरीज सगळे तो वाचतात.

तो तिला कळावा म्हणून नियम झाले नाहीत असे नाही. वर्षातून एकदा चारही कंपन्यांकडून पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सांगितले की, कुणीही तुमचा अहवाल पाहिला की त्या माहिती कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवले पाहिजे. २०२४ च्या एप्रिलअखेरीपासून हे लागू आहे. चांगलाच नियम आहे. पण एसएमएस जातो तो कर्जाच्या कागदावरच्या नंबरवर. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायांचे कागद मी यानंतर मुद्दाम पाहू लागले, तर कितीतरी जणींचा नंबर नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा निघाला. काहींचा तर जुन्या, बंद पडलेल्या सिमचा. म्हणजे चोराने कुलूप उघडले की सूचना चोरालाच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ज्याचा फोन त्याच्याच हातात असतो असा माणूस होता.

टाकून दिलेल्या बायांची गोष्ट आणखी निराळी. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये नियम केले. त्यांत ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हेतू चांगला, जादा कर्जाला आळा घालण्याचा. पण आठ वर्षे वेगळी राहणारी, घटस्फोट न मिळालेली बाई केंद्राच्या मीटिंगला जाऊन बसते, आणि फायनान्सचा मुलगा तिला सांगतो, “नवऱ्याचं आधार आणा.” ज्याने तिला टाकले, तो कागदावर अजून तिचे कुटुंब आहे. तिने कुठूनतरी त्याचे आधार मिळवलेच तर त्याचीही चौकशी होते, त्याची थकबाकी निघते आणि तिचे कर्ज अडते. परित्यक्तेला स्वतंत्र कुटुंब मानायला रेशनच्या खात्याला आपण भाग पाडले. ते भांडण आता या खिडकीशी उभे राहून पुन्हा करायचे आहे.

आणि गटांत काय होते ते गटांत काम करणाऱ्या मैत्रिणींना मी सांगायला नको. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याचे सारे बळ ‘गट म्हणजे एक’ या गोष्टीत होते. बाईजवळ तारण नव्हते, एकमेकींची ओळख होती. २०१६ पासून गटातल्या एकेका सभासदाची माहिती नावानिशी कळवायची सूचना बँकांना झाली. आमच्या भागात आता शाखेत गटाचा प्रस्ताव गेला की दहाही जणींचे सिबिल निघते आणि ‘या दोघींना काढा, मग बघू’ असे सांगतात. मग गटात कुजबुज. जिचे नाव निघाले ती मान खाली घालून येणे बंद करते. तिच्या अहवालात थकबाकी आहे की नुसत्या चौकशा आहेत, हे कुणी विचारत नाही, कारण कुणाला ते विचारायचे असते हेच माहीत नाही. वर्षानुवर्षे जोडलेले गट मी असे फुटताना पाहिले आहेत.

आमच्या बैठकीत हा विषय मी मांडला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला फटकारले. म्हणाल्या, आपण बायांना कर्जबाजारी होण्याचे शिक्षण द्यायला बसलो आहोत का? सरकारने रोजगार द्यावा, दवाखाना द्यावा, शिक्षण फुकट करावे. ते सोडून आपण बायांना सांगणार की बाई, तुझे गुण वाढव? त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही. पोराच्या दवाखान्यासाठी कानातले गहाण पडले नसते तर नंदाची कितीतरी दमछाक वाचली असती, हे खरेच आहे. पण त्यांना मी एवढेच विचारले की, मारहाण झालेल्या बाईला आपण आधी सरकारी दवाखान्यात नेऊन दाखला घेतो ना? दाखला म्हणजे न्याय नव्हे हे माहीत असूनही घेतो. हा अहवाल तसाच पुरावा आहे. त्यातल्या दुचाकीच्या त्या एका ओळीने नंदाच्या घरात काय चालले आहे ते मला जितके सांगितले, तितके तिने स्वतः तीन भेटींत सांगितले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात बाईचा अहवाल काढून चौकशीचा तक्ता वाचणे हा आपल्या कामाचा भाग झाला पाहिजे. योगायोग बघा, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही २००५ चाच. त्याच्या तिसऱ्या कलमात आर्थिक छळ हा हिंसाचार मानला आहे. ‘तिच्या नावाने परस्पर कर्ज मागणे’ असे शब्द तिथे नाहीत. पण तिच्या आर्थिक साधनांपासून तिला वंचित करणे, त्यांच्या वापरात आडकाठी आणणे हे त्यात येते, आणि आजच्या दिवशी पत हे साधन नाही तर काय आहे? घरगुती घटनेचा अहवाल भरताना आर्थिक हिंसेच्या रकान्यात आपण ‘खर्चाला पैसे देत नाही’ एवढेच लिहून पुढे जातो. तिथे तारखेनिशी लिहायला हवे की अमुक दिवशी तिच्या संमतीवाचून तिच्या कागदांवर दुचाकीसाठी अर्ज झाला. सोबत त्या तक्त्याची प्रत जोडावी. न्यायालये हे कसे घेतात ते एकदा मांडल्याखेरीज ठरणार नाही.

बँकेशी बोलतानाही आपण तोंडी उत्तरावर फार लवकर उठून येतो. २००५ च्याच त्या माहिती कंपन्यांच्या कायद्यात एकविसावे कलम आहे. कर्जाचा अर्ज करणारीने मागितली तर, बँकेने तिच्याबद्दल मागवलेल्या माहितीची प्रत तिला द्यावी लागते. किरकोळ शुल्क घेऊन, पण द्यावी लागते. चुकीची नोंद दुरुस्त करायचा अर्जही करता येतो. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, आणि तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आणि जिच्या नावावर आजवर एकही कर्ज नाही, तिला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही तेच सांगितले. आपल्या राज्यात पीककर्जाला सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू, अशी तंबी २०२५ च्या खरिपाआधी मुख्यमंत्र्यांनी बँकांना दिली होती. शेतकऱ्यासाठी जे बोलता येते ते गणवेश शिवणारीसाठी, विडी वळणारीसाठी का बोलता येऊ नये? की सातबारा असलेल्यालाच मुख्यमंत्री ओळखतात?

कायद्याने आजही संमती लागते. पण ती इंग्रजी अक्षरांच्या ढिगाखालच्या एका चौकटीत टिचकी मारून घेतली जाते, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर आलेल्या चार-सहा आकड्यांत. आपण मागितले पाहिजे की संमती मराठीत, बाईला समोर बसवून घ्या. एका एजंटने एकाच गरजेसाठी चार ठिकाणी कागद फिरवले तर त्याचा भार त्याच्यावर आणि त्या कंपन्यांवर टाका. बाईने लिहून दिले की ही चौकशी मी केलेली नाही, तर ती तपास होईपर्यंत बाजूला ठेवा, तोवर तिच्या गुणांत धरू नका. आणि नकार देताना कारण लेखी द्या. ‘सिबिल बरोबर नाही’ हे कारण नव्हे. डॉक्टरने ‘तब्येत बरोबर नाही’ एवढेच सांगितले तर आपण ऐकून घेऊ का?

नंदाच्या बाबतीत आम्ही दोन्ही ठिकाणी लेखी तक्रार केली. दुचाकीच्या कंपनीकडे सही नसलेला अर्ज निघाला आणि त्यांनी ती ओळ काढायला होकार दिला. मोबाईलवाल्यांनी आमच्याकडे ओटीपीची नोंद आहे, म्हणजे संमती आहे, असे कळवले. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. एजंटच्या चार ओळींबद्दल काही होणार नाही असे आम्हाला बँकेतल्याच एका बाईने खासगीत सांगितले: ओटीपी तिने स्वतः तोंडाने दिला होता. तिने नवऱ्याविरुद्ध तक्रार मात्र दिलेली नाही. ‘बघू’ म्हणते. मीही घाई करत नाही.

एक गोष्ट तिने आपण होऊन केली. स्वतःच्या नावावर सिम घेतले, साधा फोन घेतला आणि रजेच्या दिवशी बँकेत आणि गटाच्या कंपनीत जाऊन दोन्हीकडे नंबर बदलून घेतला. फोन कारखान्यात ब्लाउजच्या आत ठेवते. परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. “ताई, मेसेज आलाय इंग्रजीत. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला. कुणीतरी माझं सिबिल बघितलंय म्हणून. मी तर कुठं गेलेली नाही.” मी तिला म्हटले, मेसेज पुसू नकोस. उद्या सकाळी ती केंद्रात येते आहे.